रामसमुझ भैयाच्या दोन लॉऱ्या

रामसमुझ भैयाची लॉरी येते आहे हे कळायला फिजीतल्या आमच्या तांबिया गावात कुणाला डोळ्यांची गरज पडत नसे. आधी कुत्री उठून बसत. मग त्याची बायको, फुलबासी भौजी, चुलीवर तवा ठेवी, कणकेचे गोळे करी, दोन रोट्या लाटून भाजून ठेवी, आणि मग कुठे टेकडीआडून लॉरीचं नाक दिसे.

मीही ऊसच वाहतो. लंबासाच्या साखर कारखान्याबाहेर लॉऱ्यांची रांग लागते तेव्हा माझी लॉरी नेहमी भैयाच्या लॉरीमागे असायची. हा काही योगायोग नव्हता. त्याच्यामागे उभं राहायला दुसरं कुणी तयारच नसे. त्याच्या लॉरीचा हँडब्रेक म्हणजे लाकडाचा एक ओंडका होता, आणि रांग थांबली की मागच्या लॉरीवाल्यानं खाली उतरून तो ओंडका चाकाखाली सारायचा अशी रीत पडून गेली होती. तो मागचा लॉरीवाला म्हणजे मी, परसोतम. भैया खिडकीतून ओरडायचा, "परसू, लाव रे!" आणि रांग हलली की, "परसू, काढ रे!" हंगाम संपेपर्यंत माझी कंबर निम्मी व्हायची.

भैया स्वभावानं लाख माणूस. पन्नाशी ओलांडलेला, पोट पुढे आलेलं, डोक्यावर कडा फाटलेली गवती टोपी. शेजाऱ्याचं सरपण असो की कुणाच्या घरचं कपाट, भाड्याचं नाव न काढता वाहून द्यायचा. खोट एकच. त्याला काही म्हणजे काही ठरवता येत नसे. बाजारात चपला घ्यायला जायचा, आणि काळ्या घ्याव्यात की तपकिरी हे ठरेना म्हणून अनवाणी परत यायचा. पोरीचं नाव ठेवायचं ठरेना, तेव्हा पोर चालायला लागेपर्यंत घरात तिला नुसतं 'ए' म्हणत. शेवटी भौजीनंच नाव ठेवलं, तेही भैया रांगेत उभा असताना.

लॉरीचंही तसंच चाललं होतं. ती त्यानं तरुणपणी एका लाकूडवाल्याकडून घेतली. लग्न करून भौजीला सावुसावुहून घाट ओलांडून आणलं ते याच लॉरीतून. तेव्हा तिला निळा रंग होता म्हणतात. मी पाहिली तेव्हापासून तिचा रंग सांगता येत नव्हता. एकेक अवयव सोडून जात होता आणि भैया म्हणत होता, "एवढा हंगाम काढू, मग बघू." हंगाम संपला की म्हणायचा, "आता काय घाई आहे? पुढचा हंगाम सुरू होऊ दे."

आधी गेला डाव्या बाजूचा दरवाजा. तो तारेनं कायमचा बांधून टाकला. मग उजवा दरवाजा आतून उघडेनासा झाला. बाहेरून उघडायचा. म्हणजे भैया कुठंही पोचला की आतूनच हाका मारायचा, "अरे, कुणी आहे का?" आणि जाता-येता माणूस त्याला सोडवायचा. खिडकीतून यावं तर पोट आडवं.

आणि मग एके दिवशी रिव्हर्स गेला.

आमचा मेकॅनिक विलिकेसा. पलीकडच्या कोरोतला, म्हणजे फिजीयन गावातला. दरवाजात उभा राहिला तर घरात अंधार पडावा एवढा थोरला गडी. फणसाएवढ्या हातांनी लुगड्यातली सुई शोधावी इतक्या हळुवारपणे तो इंजिन उघडायचा. त्याचं गॅरेज म्हणजे एक विलायती फणसाचं झाड. त्या झाडाखाली त्यानं गिअरबॉक्स उघडला, बराच वेळ आत पाहत बसला, आणि हळहळून म्हणाला, "इसा! भैया, रिव्हर्सचे दात गेले."

"मग नवे घाल."

"असले दात आता कुठं मिळत नाहीत. बनवणारेसुद्धा मेले असतील." मग त्यानं हात पुसले. "पण भैया, मला सांग, ऊस शेतातून कारखान्यात जातो. कारखान्यातून शेतात येतो का?"

"नाही."

"मग मागे जायचंय कुणाला?"

भैयाला हे इतकं पटलं की तो गावभर सांगत सुटला. "मागे जायला आपण काय झिंगे आहोत?"

त्या दिवसापासून भैयाचं आयुष्यच पुढच्या दिशेनं सुरू झालं. अंगणात लॉरी शिरली की बाहेर पडायला दुसरी वाट हवी, म्हणून भौजीच्या वांग्यांच्या वाफ्यातून दुसरं फाटक काढलं. भौजी त्या दिवशी जेवली नाही. पोरीच्या लग्नात मांडवाला दोन तोंडं ठेवली, कारण जेवणाची भांडी भैया लॉरीतून आणणार होता. एकदा पाव आणायला निघाला, बोलण्याच्या नादात दुकान मागे पडलं. वळायला जागा मिळेपर्यंत पार दूरचं सेआंगांगा गाव आलं. संध्याकाळी परतला तेव्हा पाव घेतलेला होता, पण भूक लागल्यामुळे वाटेत खाऊन झालेला होता.

भौजीनं मात्र एका गोष्टीचा फायदा करून घेतला. दरवाजा बाहेरून उघडतो ना? मग नवऱ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती दरवाजा उघडायचीच नाही. अंगणात पाटावर बसायची, तांदूळ निवडायला घ्यायची आणि बोलायला लागायची. भैया आत, खिडकीतून नुसतं डोकं बाहेर. आम्ही त्याला भौजीची कचेरी म्हणायचो. कचेरी भरली की कुंपणापलीकडे आम्ही काही ना काही काम काढून उभे राहायचो.

असं हे बरंच चाललं असतं. पण पुलावर ते लग्नाचं वऱ्हाड आलं.

हंगाम ऐन भरात होता. भैयाची लॉरी उसानं गच्च भरलेली, मागे माझी. आमच्या नदीवर एकेरी पूल आहे. भैया पुलावर चढला, मध्यावर पोचला आणि समोरून एक बस पुलावर चढली. बसला झेंडूच्या माळा, आतून ढोलक. बसच्या मागे टॅक्स्यांची ओळ. पुढच्याच सीटवर नवरदेव, पिवळं धोतर, डोक्यावर मुकुट.

बसवाल्यानं भोंगा वाजवला. "मागे घे!"

"माझी मागे जात नाही!" भैया म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुढेच जाते!"

"मग मी काय पंख लावू?"

"ते मी कसं सांगू? तुझी बस आहे."

टॅक्स्या मागे हटायला तयार नव्हत्या, कारण त्यांच्यामागे आणखी कोण कोण येऊन थांबलं होतं. मी माझी लॉरी मागे घेतली. भैयाची काही हलेना. शेवटी वऱ्हाडच खाली उतरलं. मामे, काके, ढोलकवाला, आणि कुणी नको नको म्हणत असताना नवरदेवसुद्धा. सगळ्यांनी खांदे लावले आणि उसानं भरलेली लॉरी मागे ढकलायला लागले. ढोलकवाला एका हातानं ढकलत होता आणि दुसऱ्यानं ताल धरत होता. आत भैया सुकाणू धरून बसलेला. पण मागे जायची सवय सुटलेली, त्यामुळे डावीकडे हवं तेव्हा तो उजवीकडे फिरवी. पूल संपला तोच लॉरीची मागची चाकं रस्ता सोडून खड्ड्यात गेली आणि वरचा निम्मा ऊस नदीत.

नवरदेवाच्या धोतरावर ग्रीसचे दोन पंजे उमटले होते. भैया आतून ओरडत होता, "अरे, कुणी आहे का? मला माफी मागायला खाली उतरू द्या!" नवरदेवानंच दरवाजा उघडला. मुहूर्त टळला तो टळलाच. बातमी ऐकून पुलावर धावत आलेला नवरीचा बाप मात्र भैयाच्या पाया पडायचा बाकी राहिला. त्याच्याकडे अजून भातच शिजला नव्हता. त्यानं आम्हा दोघांना ओढून जेवायला नेलं, आणि भैया जिलेबी घ्यावी की लाडू यावर अडून बसला, तेव्हा दोन्ही वाढले.

दुसऱ्या दिवशी मुनियप्पा आला. मुनियप्पा आमच्या तोडणी टोळीचा सरदार. कोणत्या शेताचा ऊस कोणत्या लॉरीत जायचा ते त्याच्या शब्दावर. एरवी तो फार बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"भैया, तोडायचा आम्ही, भरायचा आम्ही, आणि ढकलायचा नवरदेवानं? निम्मा ऊस नदीतल्या माशांनी खाल्ला. मासे मला त्याचा दाम देणार आहेत का?"

"एकदाच झालं, सरदार."

"पुन्हा झालं तर दुसरी लॉरी बघीन. पुढेही जाणारी आणि मागेही जाणारी. तुझ्यावर राग नाही. आज संध्याकाळी यांगोना प्यायला ये." आणि तो गेला.

त्या संध्याकाळी मुळ्या कुटून पाण्यात घोळलेली ती यांगोना राहिली बाजूला. भैया घरी पोचला, लॉरी थांबवली, "अगं, उघड" म्हणाला. भौजीनं पाट मांडला आणि तांदूळ घेऊन बसली. कचेरी भरली. कुंपणाशी मी होतो, विलिकेसा होता, मुनियप्पा स्वतः होता.

"अहो, मला एकच सांगा," भौजी म्हणाली. "लॉरी ठेवायची की बदलायची?"

"बघू ना."

"बघा. मी बसलेय."

"ठेवली तर खर्च आहे. बदलली तरी खर्च आहे."

"मग?"

"मग... आधी चहा पिऊन घेऊ का?"

"चहा बाहेर आहे. तुम्ही आत आहात."

विलिकेसाला राहवेना. कुंपणावरून म्हणाला, "बहिणी, ही लॉरी मरणारी नाही. ती फक्त रुसते. मला एक महिना दे, मी दरवाजा करून देतो."

"विलिकेसा, गेल्या वर्षी तू हिला माझ्या खलबत्त्यातला बत्ता लावलास," भौजी म्हणाली. "मी चटणी मसाल्याच्या डब्यानं वाटते. तू गप्प बैस."

भैया कधी विलिकेसाकडे पाही, कधी भौजीकडे. दिवस कलला. डास आले. डासांनी भैयाची जी अवस्था केली ती बघून मलाच दया आली. शेवटी खिडकीतून अगदी बारीक आवाज आला, "विमलेशला विचारून बघ."

विमलेश म्हणजे जावई. दुसऱ्या बेटावर, सुवाच्या बाजूला नौसोरीत राहायचा आणि जपानहून आलेल्या जुन्या लॉऱ्या विकायचा. त्यानं लगेच निरोप पाठवला: आठवडाभर वापरून बघा, पटली तर ठेवा, नाहीतर मी परत नेतो. पैशाचं सासरा-जावयात घरच्या घरी ठरलं. भैयाला 'नाहीतर परत' एवढंच आवडलं. आठवडाभर काही ठरवायला नको!

बोटीवरून लॉरी घेऊन विमलेश स्वतःच आला. आम्ही सगळे रस्त्याला उभे, पण लॉरीचा आवाजच येईना. कुत्र्यांनीसुद्धा मान वर केली नाही. पांढरीशुभ्र लॉरी एकदम समोरच येऊन उभी. भौजीच्या रोट्या लाटायच्या राहिल्या. विमलेशनं अंगणात घ्यायला ती डावीकडे वळवली, आणि लॉरीतून एक बाई बोलली.

अगदी गोड आवाज. नाजूक, आर्जवी. काय बोलली ते कळलं नाही, पण शेवटी "...मगारी मास" असं काहीतरी म्हणाली. पुन्हा म्हणाली. चाकं सरळ झाल्यावर गप्प झाली.

भौजी लाटणं घेऊन पुढे आली. "विमलेश, आत कोण आहे?"

"कुणी नाही, अम्मा. लॉरीच बोलते. जपानी आहे."

"काय म्हणते?"

विमलेशनं डोकं खाजवलं. "ते मलाही माहीत नाही. सगळ्याच बोलतात. मी कधी विचारलं नाही." आणि दुपारच्याच बसनं तो बोट पकडायला निघून गेला.

तेव्हा आमच्याकडे मोबाईल वगैरे आले नव्हते. कुणाला विचारणार? झालं, गावभर चर्चा सुरू. ती 'मगरीचं मांस' म्हणते यावर बहुतेकांचं एकमत झालं. पण ती ते मागते आहे, विकते आहे की खाऊ नका म्हणते आहे, यावर दोन तट पडले.

"फिजीत मगर कुठली?" मुनियप्पा म्हणाला. "कुठून आणून देणार तिला?"

"मंगळवारी माझ्या अंगणात मांसाचं नाव काढायचं नाही," भौजीनं लॉरीला बजावलं. त्या मंगळवारी भैया डावीकडे वळलाच नाही. कारखाना डावीकडे होता. उजवी-उजवीकडून गावाला वळसा घालून गेला.

भैयाची पंचाईत आणखी वेगळी. परक्या बाईनं इतक्या अदबीनं बोलावं आणि आपण गप्प बसावं हे त्याला बरं वाटेना. तो हळूच "हो, बहिणी" म्हणायला लागला. मग रोज अंघोळ करून, तेल लावून, भांग पाडून निघायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "लॉरी स्वच्छ आहे रे. तिच्यात घाणेरडं कसं बसायचं?" हे भौजीच्या कानावर गेलं. कसं गेलं ते मला विचारू नका. त्या दिवशी त्याच्या डब्यात नुसता उकडलेला कसावा होता, वर मीठही नाही.

आणि मागे जाणं! रिव्हर्स होता, पण भैया विसरला होता. पहिल्या दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं लॉरी मागे घेतली आणि शेजाऱ्याचा यांगोना वाळवायचा मांडव आडवा केला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघर. मागे घेताना ती लॉरी पीं-पीं करायची, आणि त्या आवाजाला बकऱ्या जमायच्या. त्यांना हाकलायला माणूस उभा करावा लागे. तिसऱ्या दिवसापासून भैया पुन्हा वांग्यांच्या वाफ्यातून बाहेर पडायला लागला. थांबल्यावर सवयीनं आत बसून राहायचा. "अरे, कुणी आहे का?" आम्ही सांगायचो, "भैया, आतून उघडतं." "अरे हो," म्हणायचा आणि खजील होऊन उतरायचा.

पण कामाला लॉरी चोख होती. घाटात दम लागत नव्हता. कारखान्यात एरवी दोन खेपा होत तिथं तीन व्हायला लागल्या. मुनियप्पा खूश. माझी तर कंबर सरळ झाली. रांगेत भैया थांबला की थांबलेलाच राही, मला ओंडका घेऊन उतरावं लागत नव्हतं. एकदा सवयीनं मी ओंडका घेऊन उतरलोच. मग काय करणार, त्यावरच बसलो आणि आम्ही यांगोना घोळली. करवंटी त्याच्या हातात दिली. रिवाजाप्रमाणे एक टाळी वाजवून तो प्यायला आणि म्हणाला, "परसू, खरं सांगू? हिच्यात बसलं की मला पाहुण्यासारखं वाटतं."

"मग?"

"मग काय. पाहुणा बनून ऊस वाहायचा का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं गुपचूप जुनी लॉरी काढली. भौजीला कळू नये म्हणून दबक्या पावलांनी अंगणातून गेला, फाटक हळूच लोटलं, आणि मग इंजिन सुरू केलं. तांबियातल्या यच्चयावत माणसांना जाग आली. कोंबडे अवेळी आरवले. देवळातले पुजारीबाबा भूकंप समजून बाहेर धावले. रांगेत येऊन भैया मला डोळा मारून म्हणतो, "कुणाला पत्ता लागला नाही बघ."

संध्याकाळी परतला तर दारात पाट मांडलेला. भौजीनं दरवाजा उघडला नाहीच.

"मला वाटलं, तू झोपली आहेस," भैया खिडकीतून म्हणाला.

"सावुसावुत माझी आई आहे. तिला जाग आली."

पण त्या दिवशी ती फार रागावली नाही. बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला ही आवडत नाही असं वाटतं का तुम्हाला? हिच्यातूनच आले ना मी. घाटात उलटी झाली तेव्हा तुम्ही टोपी पुढे केली होतीत."

"नवी टोपी होती ती."

"म्हणून तर म्हणते. पण ही एक दिवस घाटात थांबेल. तिथं कुठलं वऱ्हाड येणार आहे ढकलायला?"

भैयानं डोकं आत घेतलं. आम्ही कुंपणावरून घरी गेलो. ऐकण्यासारखी कचेरी नव्हती ती.

आठवडा संपला. विमलेश उत्तर घ्यायला आला. अंगणात चटया टाकल्या, मोठ्या लाकडी परातीत यांगोना घोळली. विलिकेसा आला तो बापाला घेऊन. त्याचा बाप सेरेमाया, दात नसलेला, हसरा म्हातारा. तरुणपणी जपानी मासेमारी जहाजावर होता. हे विलिकेसानं आठवडाभर सांगितलं नव्हतं. त्याची बिचाऱ्याची आशा होती की लॉरी काहीतरी अभद्र बोलत असेल आणि परत जाईल. पण बाप आजच मावशीकडून परतला असं तो म्हणाला. असो.

विमलेशनं लॉरी डावीकडे वळवली. बाई बोलली. सगळे श्वास रोखून. सेरेमायानं कानाला हात लावला. "पुन्हा." विमलेशनं पुन्हा वळवली.

"माकूळ," सेरेमाया म्हणाला.

"मगर नाही?"

"थांबा. जहाजावर मला मासे आणि शिव्या एवढंच शिकवलं. ही बाई शिव्या देत नाही, म्हणजे मासाच असणार. पुन्हा."

विमलेशनं अंगणात डावीकडे डावीकडे इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी त्यालाच चक्कर आली. आणि एकाएकी म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "आमचा कप्तान म्हणायचा हे! जहाज वळताना! डावीकडे, डावीकडे! ती म्हणते, मी डावीकडे वळते आहे. सांभाळून राहा."

"एवढंच?" मुनियप्पा म्हणाला.

"एवढंच."

सगळ्यांचे चेहरे पडले. भैयाचा तर सगळ्यात जास्त. एवढे दिवस तो कुणाशी काय 'हो बहिणी' करत होता!

भौजी मात्र लॉरीकडे टक लावून पाहत होती. "वळायच्या आधी सांगते?"

"आधी सांगते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

भौजीनं पदर खोचला. "ह्यांनी आख्ख्या संसारात एकदा तरी सांगितलं का कुठं वळणार ते? पाव आणायला जातात आणि सेआंगांगाला पोचतात. विमलेश, ही इथंच राहील. निदान घरात एक तरी सांगणारं असू दे."

सगळे हसले. विलिकेसा हसला नाही. भैयानं यांगोनाची करवंटी खाली ठेवली आणि एकदम स्पष्ट आवाजात बोलला. असा आवाज आम्ही त्याचा कधी ऐकला नव्हता.

"राहील. पण जुनी मोडीत जायची नाही. विलिकेसा, ती तू ने."

"मी?"

"तिचं निम्मं अंग तूच घातलंय. माझ्यापेक्षा तुझीच जास्त आहे ती. ऊस नाही ओढायची आता, पण सपाटीवर चालेल. ने."

हे त्यानं कुणाला न विचारता ठरवलं. भौजीला नाही, मला नाही. विलिकेसा एवढा थोरला गडी, पण तोंडावर टोपी धरून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सेरेमाया त्याच्या पाठीवर थोपटत "इसा, इसा" करत राहिला.

रविवारी आम्ही लॉरी त्यांच्या कोरोत पोचवली. भैया चालवायला, भौजी मधे, मी कडेला, विलिकेसा मागे उभा. रस्त्यात तिनं एकदाही त्रास दिला नाही, हे सांगून कुणाला पटत नाही. गावानं तिला पाहुण्यासारखं घेतलं. चटई अंथरली, भाषण झालं, तिच्या म्हातारपणाचा मान राखून पहिली करवंटी रेडिएटरमध्ये ओतली. दर रविवारी पलीकडच्या चर्चमध्ये गायला जाणाऱ्या मंडळींना तीच नेणार असं ठरलं. त्यांनी तिथंच टपावर चढून चर्चमधलं एक गाणं म्हणून दाखवलं. इतका दणदणीत आवाज की इंजिन सुरू आहे की बंद हे कळेना. मग नारळाच्या दुधातली मासळी, दालोचे, म्हणजे अळूचे, कंद, पानांची भाजी. भैया जेवत होता आणि रडत होता. मधेच काय कमी आहे विचारलं तर म्हणाला, "मिरची," आणि पुन्हा रडायला लागला.

परतीला आम्ही बस धरली. भैया ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसला. मला वाटलं, गुमसुम राहील. थोडं पुढे गेल्यावर गिअर खरखरला आणि भैयानं मान पुढे काढली.

"भाऊ, किती जुनी आहे ही बस?"

"माझ्या बापाची आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"बदलून टाक."

"काय?"

"बदलून टाक म्हणतो. डागडुजीत काही अर्थ नसतो. माणसानं वेळेवर निर्णय घ्यावा. माझंच बघ. मी कसा, एका झटक्यात ठरवलं!"

भौजीनं पदर तोंडावर ओढला आणि खिडकीकडे वळली. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "हा माणूस तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही," भौजी म्हणाली. "आम्ही ओळखत नाही."